वाटीभर जेवण

गेल्या दोन वर्षांपासून आमचें जेवण एका वाटींत मावूं लागलें आहे. ही वाटी आमटीची, स्टीलची, घरांतील इतर वाट्यांसारखीच असून ती काठोकाठ भरली तर तींत सुमारें दीडशें मिलिलिटर राहतें. डॉक्टरांनीं आमच्या जठराचा जो भाग शिल्लक ठेविला आहे त्याचें मापहि जवळजवळ तेवढेंच. पूर्वीं ज्या पोटांत चार पुरणपोळ्या, त्यांवर तूप, कटाची आमटी आणि शेवटीं ताकभात इतका ऐवज सहज सामावत असे, त्यालाच आतां कुसकरलेली अर्धी पोळी व तिच्यावर घट्ट वरण एवढ्यावर समाधान मानावें लागतें. ही स्थिति आम्हीं स्वखुशीनें, पैसे मोजून व संमतिपत्रावर सही करून ओढवून घेतली आहे. तिच्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु या अवधींत आम्हांला एक गोष्ट कळली, जी पन्नास वर्षें भरल्या घरांत राहूनहि कळली नव्हती. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण भरल्या घरांतच राहणारे असल्यामुळें ती त्यांच्यापुढें मांडण्यास हरकत नसावी.

आमचें कुटुंब पुण्यांतलें. जुन्या पेठेंतील वाडा पाडून त्या जागीं जी इमारत उठली, तींत शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें आम्हां भावांच्या वांट्याला आलीं व मधली भिंत काढून तीं एक करण्यांत आलीं. त्यामुळें आई, आम्ही तिघे भाऊ, तिघी जावा आणि चार मुलें अशीं अकरा माणसें आजहि एकाच स्वयंपाकघरांत जेवतात. आम्ही मधले. व्यवसाय महाविद्यालयांत गणित शिकविण्याचा. एकावन्नाव्या वर्षीं आमची उंची १६८ सेंटिमीटर व वजन १२८ किलो होतें. म्हणजे डॉक्टर ज्याला बी. एम. आय. म्हणतात तो आंकडा ४५ च्या वर जात होता. मधुमेह नऊ वर्षांचा जुना, रक्तदाबाच्या गोळ्या दोन, रात्रीं झोपेंत श्वास अडकूं नये म्हणून नाकावर यंत्राचा मुखवटा, आणि वर्गांत फळ्यापाशीं वीस मिनिटें उभें राहिलें कीं गुडघे बोलूं लागत.

उपाय केले नाहींत असें नाहीं. पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढून झाल्या, कोमट पाण्यांत लिंबू व मध घेऊन झालें, एकादश्या तर वर्षानुवर्षें केल्या. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस यांच्या साहाय्यानें त्या करावयाच्या म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण खरी करून दाखविणेंच होय. एकदां मोठ्या निग्रहानें बारा किलो उतरविले, आणि पुढील दीड वर्षांत पंधरा परत मिळविले. या प्रत्येक पराभवाचा अर्थ आम्हीं व आमच्या सर्व नातलगांनीं एकच लाविला : हा मनुष्य जिभेचा गुलाम आहे.

शरीराचा हिशेब मात्र निराळा असतो, हें आम्हांला फार उशिरां समजलें. वजन घटूं लागलें कीं शरीर त्याला दुष्काळ समजतें. भूक चेतविणारीं द्रव्यें रक्तांत वाढतात, शक्तीचा खर्च कमी होतो, आणि गेलेलें वजन परत मिळविण्याची सर्व सिद्धता शरीर आंतल्या आंत करतें. शिवाय आम्हां भारतीयांची आणखी एक अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. दोघांचा बी. एम. आय. २२.३ असा एकसारखा. परंतु शरीरांतील चरबी मोजली तों इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के व आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाहि मधुमेह लवकर कां गांठतो याचें हें बोलकें चित्र होय. मग आमच्यासारख्या उघड उघड स्थूल माणसाची काय कथा! या कारणास्तव अशा शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वजनाची मर्यादाहि आशियांतील लोकांसाठीं पाश्चात्यांपेक्षां कमी धरली जाते.

या शस्त्रक्रियेचा इतिहासहि मनोरंजक आहे. जठरांतील व्रणामुळें ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकावा लागे ते रोगी पुढें बारीकच राहतात, हें शल्यवैद्यांच्या ध्यानांत आलें होतें. त्यावरून अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं स्थूल रोग्यांसाठीं पहिली ‘बायपास’ केली. आमच्यावर झालेली शस्त्रक्रिया त्यानंतरची व अधिक सुटसुटीत. तिला ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’ म्हणतात. पोटाला पांच लहान छिद्रें पाडून, दुर्बिणीच्या साहाय्यानें जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्या भागाची सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी करतात. भूक चेतविणारें जें द्रव्य मुख्यतः जठराच्या फुगीर भागांत तयार होतें, तेंहि त्या भागाबरोबर बरेचसें नाहींसें होतें. २०२३ च्या गुढीपाडव्यानंतर पांचव्या दिवशीं, म्हणजे २७ मार्च रोजीं, आमच्यावर ही शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवशीं आम्ही घरीं आलों.

घरीं येण्यापूर्वींच आमच्या थोरल्या बंधूंनीं सर्व नातलगांस फोनवरून कळविलें होतें कीं, आमच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली आहे. हें असत्य आमच्याच संमतीनें सांगितलें गेलें. ‘खाण्यावर ताबा राहीना, म्हणून पोट कापून घेतलें’ हें वाक्य लग्नामुंजींच्या पंगतींत आमच्या पाठीमागें उच्चारलें जाणार, अशी आमची खात्री होती. आईला देखील खरें सांगितलें नाहीं. ती बयाऐंशी वर्षांची. धडधाकट मुलाचें जठर कापलें हें ऐकून तिला काय वाटेल, असें म्हणून तिघां भावांनीं तो विषय झांकून ठेविला. अशा रीतीनें ज्या घरांत आम्हांला सर्वांत अधिक सांभाळलें जावयाचें होतें, त्याच घरांत आम्हीं प्रथमपासून एक भिंत उभी केली.

रुग्णालयांतून निघतांना मिळालेल्या कागदांत एक चिठ्ठी होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं, दुपारीं चार वाजतां, अशी शस्त्रक्रिया झालेलीं माणसें रुग्णालयाच्या तळमजल्यावरील खोलींत एकत्र जमतात, आपणहि यावें. ती वाचून आम्ही आमच्या पत्नीस म्हणालों, “आपल्या घरांत अकरा माणसें आहेत. आम्हांला आणखी माणसें कशाला?” खरें सांगावयाचें तर मनांत आणखीहि एक विचार होता. अनोळखी, नाना थरांतील लोकांसमोर आपल्या पोटाची व खादाडपणाची कथा सांगत बसणें आमच्यासारख्या प्राध्यापकास शोभणारें नाहीं, असें आम्हांस वाटलें. चिठ्ठी आम्हीं एका पुस्तकांत खुणेसाठीं घातली.

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थांचे. ताकाची निवळ, डाळीवरचें पाणी, प्रोटीनची पूड घातलेलें दूध. तेंहि घोटाघोटानें, दिवसभर. त्यानंतर दोन आठवडे गुरगुट्या, घोटलेलें वरण, मऊ मूग. नियम साधे होते : घांस लहान, चावणें पुष्कळ, जेवतांना व जेवणानंतर अर्धा तास पाणी नाहीं, दिवसाकाठीं निदान साठ ग्रॅम प्रथिनें, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि पोट भरल्याची पहिली सूचना मिळतांच हात थांबवावयाचा. हा शेवटचा नियम लिहावयास जितका सोपा तितका आमच्या घरांत पाळावयास कठीण. कारण आमच्या घरांत जेवण संपतें तें पोट भरल्यावर नव्हे, तर वाढणारीचा आग्रह संपल्यावर.

आग्रह हा शब्द आपल्या भाषेंत किती गोड आहे! ज्याला आग्रह होत नाहीं त्याच्यावर कोणाचें प्रेम नाहीं, असेंच आपण लहानपणापासून शिकतों. आईनें मेतकूट घालून मऊ भात कालवावा आणि म्हणावें, “अरे, एवढा चमचाभर घे. किती वाळलास!” थोरल्या वहिनींनीं खास आमच्यासाठीं केलेली रव्याची खीर पुढें करावी. धाकटीनें न्याहारीच्या वेळीं हळूच उपमा आणून ठेवावा. यांपैकीं प्रत्येक चमचा प्रेमाचा. परंतु नळीसारख्या त्या नव्या जठराला प्रेमाचा चमचा व वैराचा चमचा यांतला फरक कळत नसे. एक घांस अधिक झाला कीं छातींत दगड अडकल्यासारखें होई, तोंडाला पाणी सुटे, आणि आम्ही न्हाणीघराकडे धांव घेत असूं. तेथें नळ मोठा सोडून ओकावयाचें, म्हणजे बाहेर आवाज जात नाहीं, ही युक्ति आम्हीं थोड्याच दिवसांत शोधून काढली.

एप्रिलच्या मध्यापासून हा प्रकार नित्याचा झाला. २२ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. आईनें वर्षाचा पहिला आमरस स्वतःच्या हातानें काढला व वाटींत घालून आमच्यापुढें ठेविला. तिच्या डोळ्यांकडे पाहून आम्हीं ती अर्धी वाटी संपविली. घाम सुटला, हातपाय कांपूं लागले, आणि जें व्हावयाचें तें झालें. त्यानंतर पाणीहि धडपणें ठरेना. गोळ्या घेतल्या कीं पांच मिनिटांत बाहेर. तथापि वजन मात्र झपाट्यानें उतरत होतें, आणि घरांतील मंडळी तें पाहून संतुष्ट होती. पत्नीला नळाच्या आवाजाचा अर्थ कळला होता. पण या शस्त्रक्रियेनंतर असें होतच असावें, आणि आपण बोललों तर यांना ओशाळें वाटेल, असें समजून ती गप्प राहिली. आम्ही तिच्यासाठीं गप्प, ती आमच्यासाठीं गप्प. एकत्र कुटुंबांत परस्परांस जपण्याची ही रीत कित्येकदां अशी उलटी फिरते.

मे महिन्याच्या आरंभीं पायांना मुंग्या येऊं लागल्या. चालतांना जमीन कापसाची असल्यासारखी वाटे. घरांत सर्वांचें मत पडलें कीं हा अशक्तपणा आहे. दिवसांतून दोनदां ग्लुकोजचें पाणी सुरू झालें, आणि ६ मे रोजीं, शनिवारीं, संध्याकाळीं पेठेंतल्या ओळखीच्या दवाखान्यांत नेऊन ग्लुकोजची एक बाटली शिरेंतून चढवून घ्यावयाची असें ठरलें. त्या दिवशीं दुपारीं पडल्या पडल्या चाळावयास घेतलेल्या पुस्तकांतून ती चिठ्ठी खालीं पडली. पहिला शनिवार तोच होता. घरांत सर्वजण वामकुक्षींत होते. आग्रहापासून दोन तास सुटका मिळेल एवढ्याच हेतूनें आम्ही पत्नीस घेऊन रिक्षांत बसलों. उतरतांना रिक्षाचा क्रमांक आम्हांस एकावर एक असा दोनदां दिसला. पण तेंहि आम्हीं उन्हावर ढकललें.

तळमजल्यावरील खोलींत पंधरा-वीस माणसें प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गोल करून बसलीं होतीं. एक तरुण संगणक-अभियंता होता, एक किराणा दुकानदार होते, नुकतें लग्न ठरलेली एक मुलगी होती, आणि दाराशेजारीं एस. टी. मध्यें वाहक म्हणून नोकरी करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षें झालीं होतीं. आम्ही भिंतीच्या आधारानें रिकाम्या खुर्चीकडे निघालों, तों त्या बाई उठून जवळ आल्या.

“दादा, भिंतीला हात लावून का चालताय?”

आम्ही म्हणालों, “अशक्तपणा आहे थोडासा.”

“सव्वीस वर्षं गाडीत उभी राहून तिकिटं दिलीत मी. कोण दमलाय अन् कोण पडणार, ते मला पावलावरून कळतं. उलट्या किती दिवस होताहेत?”

“कधींमधीं होते.”

“कधीमधी म्हणजे दिवसातनं किती वेळा?”

या प्रश्नांत दया नव्हती, उपदेश नव्हता, आश्चर्यहि नव्हतें. ओळखीच्या रस्त्यावरचा पुढला थांबा विचारावा तसा तो प्रश्न होता. पांच-सहा आठवड्यांत अकरा माणसांच्या घरांत जें आमच्या तोंडून निघालें नव्हतें, तें त्या अनोळखी बाईंसमोर सहज निघून गेलें. दिवसांतून चार-पांच वेळां; तीन आठवडे झाले. गोळ्या ठरत नाहींत. पायांना मुंग्या येतात. आज रिक्षाचा क्रमांक दोनदां दिसला. आमच्या शेजारीं उभी असलेली आमची पत्नी हें सारें प्रथमच ऐकत होती.

बाई म्हणाल्या, “मग इथं बसू नका. वर चला. आजच्या आज, आत्ता. दोन वर्षांमागं याच खोलीत एक पोरगा असाच भिंतीला धरून आला होता. त्याला नंतर खुर्चीवर बसवून आणावं लागायचं. चला, मी येते.” आणि त्या खरोखरच आमच्या पत्नीचा एक हात व आमचा एक हात धरून वर आल्या.

वर जें निदान झालें तें वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण अशी शस्त्रक्रिया झालेलीं माणसें आतां पुष्कळ घरांत सांपडतील. ब-१ अथवा थायमिन नांवाचें जीवनसत्त्व शरीरांत फार थोडें सांठलेलें असतें. तो सांठा दोन-तीन आठवडेच पुरतो. सतत उलट्या होऊन अन्न व गोळ्या दोन्हीहि पोटांत ठरेनात म्हणजे तो संपतो, आणि मग मज्जातंतु व मेंदू यांवर आघात होतो. पायांना मुंग्या येणें, तोल जाणें, एकाच्या दोन वस्तु दिसणें, आणि त्यानंतर बुद्धीचा गोंधळ उडणें, ही त्याची चढती पायरी. वेळेवर शिरेंतून थायमिन दिलें तर मनुष्य सांवरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ति कायमची अधू होऊं शकते, प्राणावरहि बेततें. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, थायमिन न देतां आधीं ग्लुकोज चढविलें तर उरलासुरला सांठा त्या साखरेच्या पचनांतच खर्च होऊन स्थिति अधिक बिघडण्याचा धोका असतो. त्याच संध्याकाळीं, केवळ प्रेमापोटीं, आम्हांला तीच बाटली चढविली जाणार होती.

आम्ही नऊ दिवस रुग्णालयांत राहिलों. दुर्बिणीनें पाहतां जठराची नळी कोठेंहि आक्रसलेली नव्हती. दोष आमच्या घाईघाईच्या व संकोचाच्या घांसांचा होता. एकाच्या दोन वस्तु दिसणें दुसऱ्याच दिवशीं थांबलें; पाय सुधारण्यास चार महिने लागले; उजव्या पायाच्या बोटांत अजूनहि थंडीच्या दिवसांत मुंग्या येतात. त्या आम्हांला उपकारकच वाटतात, कारण त्या आठवण देतात.

तिसऱ्या दिवशीं आई भेटावयास आली, तेव्हां सर्व हकीकत आम्हीं स्वतः तिला सांगितली. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “मला आधी सांगितलं असतंस तर मी तुला वाढलं असतं का रे? मी काय तुला मुद्दाम आजारी पाडलं असतं?” या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही इतके दिवस समजत होतों कीं आईचें मन आम्ही जपत आहों. वास्तविक आम्हीं तिच्या हातांत चमचा देऊन तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. घरांतील माणसें अज्ञानानें चुकलीं असें म्हणणें सोपें आहे. तें अज्ञान त्यांना पुरविलें कोणीं, हा प्रश्न आम्हांला अधिक टोंचतो.

त्यानंतर आजपर्यंत पहिला शनिवार आम्हीं सहसा चुकविलेला नाहीं. त्या खोलींत कोणी व्याख्यान देत नाहीं. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ बाई कधीं येतात, कधीं येत नाहींत. जें चालतें तें साधें बोलणें. तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत मूठ मूठ केस गळूं लागतात व पुढें बहुधा परत येतात, हें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण स्वतःचे परत आलेले केस पुढें करून “हे बघ” म्हणणारें माणूस पुस्तकांत नसतें. सैल पडलेल्या कातडीची लाज, जुन्या कपड्यांचें गांठोडें टाकवत नाहीं याचें कारण, आरशांतला चेहरा ओळखीचा न वाटणें, पोटाला भूक नसतांहि मनाला लागणारी भूक, चिवड्याच्या डब्याकडे आपोआप जाणारा हात, दीड वर्षानंतर हळूच परत येऊं लागलेले दोन किलो व त्यांची धास्ती — या गोष्टी घरांत सांगावयास गेलें तर एकतर कोणी हंसेल, नाहींतर कोणी काळजी करील. येथें कोणी दोन्हीहि करीत नाहीं. कोणीतरी म्हणतो, “माझंही असंच झालं होतं”. एवढ्यानें निम्मा भार उतरतो. उरलेल्या निम्म्यासाठीं मग कोणी मुगाच्या धिरड्याची कृति सांगतो, कोणी पनीर कुसकरून वरणांत घालावयास सांगतो. शाकाहारी माणसानें साठ ग्रॅम प्रथिनें कशीं पुरीं करावींत, याचें जितकें ज्ञान त्या किराणा दुकानदारांस आहे तितकें आमच्या पाहण्यांत दुसऱ्या कोणास नाहीं.

समदुःखी माणसांच्या या संगतीचें सामर्थ्य वैद्यकास पूर्वींच कळून चुकलें आहे. अमेरिकेंत बॉस्टन येथें डॉ. जोसेफ प्रॅट यांनीं १९०५ सालीं गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग काढला. रोगी आठवड्यांतून एकदां जमत, आपापली रोजनिशी दाखवीत, आणि ज्याचें वजन वाढलें असेल त्याचें कौतुक सर्वांसमक्ष होई. आमच्या वर्गांत नेमकें उलट कौतुक होतें, एवढाच फरक! अनेकांना एका वेळीं शिकवितां यावें असा डॉक्टरांचा मूळ हेतु होता; परंतु एकमेकांची सोबत हेंच औषधाचें काम करते, असें अनुभवास आलें. आमच्या पुण्यांत १९८६ सालीं सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्रांतहि व्यसनांतून बाहेर पडलेलीं माणसेंच नव्यानें आलेल्यांचा हात धरतात. दारू सोडणाऱ्यास दारूच्या वाटेनें न जाण्याची तरी मुभा असते. अन्नाशीं ज्याचें भांडण आहे त्याला मात्र त्याच अन्नाकडे दिवसांतून पांच वेळां जावें लागतें. त्याला सोबतीची गरज कमी असेल असें कसें म्हणावें?

यावरून कोणी असा निष्कर्ष काढूं नये कीं घर व्यर्थ आहे. नऊ दिवस रात्रंदिवस आमच्या उशाशीं बसलीं तीं घरचींच माणसें; थोरल्या बंधूंनीं दोन रात्री बाकावर काढल्या; आमच्या महाविद्यालयांतील रजेचे अर्ज धाकट्यानें भरले. आप्तांपाशीं प्रेम असतें, समदुःखी माणसांपाशीं माहिती असते. आणि आजारी माणसाला दोन्ही लागतात. एकाकडे जें नाहीं तें त्याच्याकडे मागत बसावें, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या दारांत जाण्यास कमीपणा मानावा, ही आमची चूक होती.

आज आमचें वजन ९१ किलो आहे. नाकावरचा मुखवटा सुटला, रक्तदाबाची एकच गोळी उरली, आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनीं थांबविल्या असल्या तरी दर सहा महिन्यांनीं रक्त तपासावेंच लागतें. नातलगांसहि आतां खरें ठाऊक आहे. पाठीमागें जें वाक्य उच्चारलें जाईल अशी भीति होती, तें एका काकांनीं एका मुंजींत तोंडावरच उच्चारलें. आश्चर्य हें कीं, त्यानें कांहींच झालें नाहीं. आम्ही “होय” म्हणालों व आमची वाटी पुढें ओढली. त्याच पंगतींत काकांचे जांवई मागाहून हळूच येऊन बसले आणि शस्त्रक्रियेला खर्च किती येतो, विमा मिळतो कां, असें विचारूं लागले.

गेल्या दिवाळींत त्या वाहक बाईंना आईनें मुद्दाम घरीं बोलाविलें. आम्हांला जुन्या संवयीनें धास्ती होती, पण आईनें त्यांच्यापुढें फराळाचें ताट न ठेवतां एक वाटी ठेविली आणि तींत एक चकली व दोन चमचे मुगाची उसळ घालून विचारलें, “एवढं चालेल ना तुम्हांला? कमी करू का?” आमच्या घराण्यांत वाढणाऱ्या बाईनें “कमी करू का” असें विचारल्याचा हा आमच्या आठवणींतला पहिलाच प्रसंग. बाई हंसल्या. आम्ही दोघेहि ती वाटी अर्धा तास पुरवून जेवलों, आणि आई शेजारीं बसून दोघांकडे पाहत होती.

गेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारीं एक नवे गृहस्थ खोलींत आले. शस्त्रक्रिया होऊन पांच आठवडे झालेले. पत्नीनें पाठविलें म्हणून आलों, असें त्यांनीं प्रथमच सांगून टाकलें व पुढें म्हणाले, “तशी आम्हांला गरज नाही. आमच्याकडे घरात पुष्कळ माणसं आहेत.” वाहक बाईंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि विचारलें, “उलट्या दिवसातून किती वेळा होतात?” ते गृहस्थ कांहीं वेळ जमिनीकडे पाहत राहिले, आणि मग सांगूं लागले.

आमच्या वाचकांच्या घरांत अशी शस्त्रक्रिया झालेलें कोणी असेल, तर त्यांस आमची एवढीच विनंति कीं, त्याला वाढतांना हात आंखडता घ्यावा आणि विचारतांना घेऊं नये. उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपायांत एक दिवसहि न दवडतां शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावें. आणि त्याच्यासारखींच माणसें कोठें जमत असतील तर त्याला तेथें धाडावें. तो नको म्हणाला तरीहि धाडावें. आग्रह करावयाचाच असेल, तर तो येथें करावा.